ॲक्शन गेमच्या स्टोअर कव्हरची पारख नेमकी कशी करायची? तीन रफ समोर आहेत

खटकेबाज (धागाकर्ता)

स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) येणाऱ्या एका छोट्या ॲक्शन गेमचं कव्हर आर्ट ठरवायचं आहे. चित्रकाराकडून तीन रफ (कच्ची चित्रं) आली आहेत, त्यातलं एक रंगवूनही झालं आहे. करारात दुरुस्तीच्या आणखी दोन फेऱ्या बाकी आहेत, त्यामुळे सूचना मोघम देऊन चालणार नाही.

गेमबद्दल थोडक्यात: वरून तिरका दिसणारा कॅमेरा, एका खोलीत पाच-सहा शत्रू, नायिकेच्या हातात साखळी आणि तिच्या टोकाला आकडा. शत्रूला आकडा लावून ओढायचं, भिंतीवर आपटायचं, नाहीतर स्वतःच त्याच्याकडे खेचलं जायचं. एक डाव २०-२५ मिनिटांचा, मेलं की पहिल्यापासून. आतलं चित्रण जाड बाह्यरेषा आणि सपाट रंगांचं आहे. नाव दोन शब्दांचं, इंग्रजीत ६ आणि ८ अक्षरं.

रफ अ (रंगवलेलं): नायिका पाठमोरी, कड्यावर उभी, समोर दूरवर जळता किल्ला, निळं-जांभळं आभाळ. साखळी हातातून खाली लोंबते आहे. नाव वरच्या बाजूला एका ओळीत, बारीक टोकदार नक्षीदार अक्षरांत.

रफ ब: नायिका उडी मारून आकडा फेकते आहे, आकडा थेट बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. मागे चार शत्रू.

रफ क: नायिकेचा चेहरा आणि एक खांदा, गळ्याभोवती साखळी, मागे सपाट लाल रंग.

ज्यांना दाखवलं त्यांच्यापैकी बहुतेकांना अ आवडलं. पण "मस्त आहे" यापलीकडे हाताला काही लागत नाही. कव्हर चांगलं की वाईट हे आवडीनिवडीपलीकडे जाऊन कसं तपासायचं? आणि तपासल्यावर चित्रकाराला सांगायचं कोणत्या शब्दांत?

---

रेघांचा_कारखाना

पहिली गोष्ट, "आवडलं का?" हा प्रश्न बंद करा. स्क्रीनभर मोठं करून दाखवलेलं चित्र ही एक वस्तू आणि दुकानातल्या यादीत बोटभर जागेत दिसणारं चित्र ही वेगळीच वस्तू. लोक पहिलीला दाद देतात. क्लिक मात्र दुसरीवर पडतं.

दुकानात दिसणाऱ्या कव्हर-चित्रांना स्टीम कॅप्सूल म्हणतं, गेमच्या पानावरच्या वरच्या चित्राला हेडर. सध्याचे आकार, पिक्सेलमध्ये, असे: हेडर ९२० x ४३०, छोटी कॅप्सूल ४६२ x १७४, मुख्य कॅप्सूल १२३२ x ७०६, उभी कॅप्सूल ७४८ x ८९६. लायब्ररीसाठी (विकत घेतलेल्या गेमच्या यादीसाठी) निराळी उभी, ६०० x ९००. जुन्या लेखांत ४६० x २१५, २३१ x ८७ असे आकडे सापडतील. प्रमाण तेच आहे, नवे आकडे त्याच्या दुप्पट. छोट्या कॅप्सूलवरून स्टीम स्वतःच आणखी लहान आवृत्त्या करतं, १८४ x ६९ आणि १२० x ४५. शोध, टॉप सेलर, नवीन गेम या याद्या म्हणजे अशाच चिंचोळ्या पट्ट्या. तुमच्या कव्हरची खरी परीक्षा तिथे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

रफ अ चं नाव १२० x ४५ मध्ये बसवून बघा, कागदावर हिशेब केला तरी पुरे. रुंदीतून दोन्ही बाजूंना ३-३ पिक्सेल सोडले की ११४ उरले. १४ अक्षरं आणि मधली एक मोकळी जागा म्हणजे १५ घरं. एका अक्षराच्या वाट्याला साडेसात पिक्सेल, त्यातच शेजारच्या अक्षरापासूनचं अंतर. नक्षीदार फाँटला एवढ्यात श्वासही घेता येत नाही. तेच नाव दोन ओळींत मांडा: मोठी ओळ ८ अक्षरांची, म्हणजे अक्षराला १४ पिक्सेल. उंचीच्या ४५ मधून वर-खाली ३-३ आणि ओळींमधले ३ वजा केले की प्रत्येक ओळीला १८ पिक्सेल उंची मिळते. हे वाचता येतं.

आता जाडी. ४६२ वरून १२० म्हणजे जवळपास ३.८५ पट लहान. मूळ फाइलमध्ये ४ पिक्सेलची रेघ तिथे एका पिक्सेलची होते, आणि तोही पिक्सेल शेजारच्या रंगात अर्धा मिसळलेला. म्हणून छोट्या कॅप्सूलच्या मूळ फाइलमध्ये अक्षरांचे उभे दांडे निदान ८ ते १० पिक्सेलचे हवेत. अक्षरांच्या पोटातली पोकळीही तेवढीच हवी, नाहीतर ए आणि ओ बुजून ठिपके होतात. नक्षी हवीच असेल तर ती पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या बाहेरच्या टोकांना द्या. मधली अक्षरं साधी राहू द्या.

हेडरमधला लोगो तसाच लहान करून छोट्या कॅप्सूलमध्ये चिकटवणं ही सर्रास होणारी चूक. या पट्टीत नावानं जवळजवळ सगळी जागा घ्यायची असते, चित्र फक्त मागून डोकावतं. स्टीमच्या मार्गदर्शक सूचनांतही छोट्या कॅप्सूलसाठी लोगोच्या वाचनीयतेवरच भर आहे.

तपासायची रीत:

१. तुमच्या गेमला जे टॅग लागतील तेच टॅग लावून स्टीमवर शोध घ्या, निकालांच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. तुमचं चित्र नेमकं त्याच मापाला लहान करून मधल्या एका ओळीवर चिकटवा. वरून पहिल्या किंवा दुसऱ्या जागी ठेवू नका, तिथे काहीही उठून दिसतं.

२. स्क्रीनशॉट १०० टक्के झूमवर, हातभर अंतरावरून बघा. मग तोच फोनवर पाठवून बघा.

३. काळं-पांढरं करून बघा, पण सॅच्युरेशन शून्य करून नव्हे. त्या पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच करड्या छटेला येतात, डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. सगळ्यात वर काळ्या रंगाचा भरलेला लेयर (थर) ठेवून त्याचा ब्लेंड मोड 'कलर' करा. मग खरी उजळ-गडद मांडणी कळते.

४. सहा-आठ पिक्सेलचा गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) हेडरवर मारा. धुक्यात जो सगळ्यात उजळ किंवा सगळ्यात गडद डाग उरतो, नजर आधी तिथे जाणार.

रफ अ ला ही चौथी पायरी लावली की काय उरेल ते वर्णनावरूनच सांगता येतं: किल्ल्याचा नारिंगी डाग. नायिका गडद, कडा गडद, दोघांचा एकच गोळा. म्हणजे कव्हरची नायिका इमारत झाली. शिवाय स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी गडद निळी, आरजीबी २७, ४०, ५६ च्या आसपास. तुमचं निळं-जांभळं आभाळ तिच्यात विरघळून चित्राच्या कडा कुठे संपतात तेच कळणार नाही. कडेला फिकट किंवा उबदार रंग हवा.

---

आधी_क्रियापद

वरचं सगळं मान्य, पण त्याच्या आधीची एक पायरी आहे. वाचता येणारं, उठून दिसणारं, तरीही चुकीचं कव्हर असू शकतं. ॲक्शन गेमच्या कव्हरनं एक क्रियापद सांगायचं असतं. तुमचं क्रियापद "ओढणं" आहे. अ मध्ये क्रियापद "बघत उभं राहणं" आहे. पाठमोरी आकृती, दूरचं दृश्य, मोकळं आभाळ हे सगळं भटकंतीच्या आणि कथाप्रधान गेमचं व्याकरण आहे. ते बघून जो येईल त्याला खोलीबंद मारामारी नको असते, आणि ज्याला ती हवी तो पुढे सरकून जातो.

हे तपासायला दोन सेकंदांची चाचणी करा. हेडर २३० पिक्सेल रुंदीवर दोन सेकंद दाखवा, झाका, आणि तीनच गोष्टी विचारा: "यात खेळणारा काय करतो?", "कॅमेरा कुठे असेल?", "नाव काय होतं?" चौथं काही विचारू नका, स्पष्टीकरण देऊ नका. गेम न पाहिलेली दहा-बारा माणसं पुरतात, पण ॲक्शन गेम खेळणारी हवीत. घरच्यांचं आणि गेम आधी खेळून पाहिलेल्यांचं मत इथे कामाचं नाही, त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं.

उत्तरं शब्दशः लिहून ठेवा, कारण चुकीचं उत्तर कसं चुकलं यात सगळी माहिती असते. "मारामारी" हे उत्तर नापासच समजा, ते कुठल्याही तलवारीवरून मिळतं. "साखळीनं खेचतो", "आकडा टाकतो" असं काही अर्ध्याहून जास्त जणांकडून आलं तर क्रियापद पोचलं. "चढते", "दोरीवर झोके घेते" असं आलं तर साखळीचं दुसरं टोक चुकीच्या ठिकाणी आहे: ते शत्रूत रुतलेलं दिसत नाही, वर कुठेतरी गेलेलं दिसतं.

रफ ब कडे येतो. क्रियापद बरोबर, कोन चुकीचा. आकडा थेट बघणाऱ्याकडे आला की साखळी आक्रसते, वीस कड्यांच्या जागी दोन-तीन दिसतात, आणि आकड्याचा बाक नाहीसा होऊन समोरून नुसता गोळा दिसतो. मोठ्या पोस्टरवर हा परिणाम जबरदस्त वाटतो, १८४ पिक्सेलवर हातोडा वाटेल. साखळी बाजूनं दाखवा. एका खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे जाणारी तिरकी रेघ, एका टोकाला नायिकेचा ताणलेला हात, दुसऱ्या टोकाला आकडा रुतून तोल गेलेला शत्रू. साखळी ताठ हवी. सैल साखळी दागिना असते, ताठ साखळी म्हणजे दोन्हीकडून जोर लागला आहे. हा एवढाच फरक अ मध्ये आणि तुमच्या गेममध्ये आहे.

आणि चारऐवजी एक शत्रू. फार तर मागे दोघांच्या सावल्या. ५ माणसं ४६० पिक्सेलमध्ये कोंबली की प्रत्येकाचं डोकं मुगाएवढं होतं.

चित्रशैलीबद्दलही सांगायला हवं, कारण तुम्ही आतल्या जाड रेषांचा उल्लेख केलात पण कव्हरच्या शैलीबद्दल काही लिहिलं नाही. रफ अ तैलरंगासारखं रंगवलं असेल तर क्लिक करणारा माणूस पहिल्याच स्क्रीनशॉटवर ठेचकाळतो. कव्हर आतल्यापेक्षा जास्त घोटलेलं असायला हरकत नाही, सगळेच करतात. पण बाह्यरेषा, रंगांचा संच आणि नायिकेच्या अंगाचं प्रमाण जुळलं पाहिजे. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. तुमचा एक डाव २५ मिनिटांचा. फसगत झाल्याची भावना दुसऱ्या डावातच पक्की होते.

---

कागदपत्रवाला

नियमांचं बघून घ्या, नाहीतर तयार चित्र परत करायला लागतं.

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर फक्त तीन गोष्टी चालतात: गेमचं चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक. पुरस्कारांची चिन्हं, समीक्षेतले गुण किंवा वाक्यं, "सवलत", "लवकरच", "नवीन अपडेट", दुसऱ्या गेमची जाहिरात, काहीही नाही. मोठं अपडेट आलं की तात्पुरतं चित्र लावायची वेगळी सोय आहे, त्यावर मजकूर चालतो, पण जास्तीत जास्त एक महिना, आणि तो मजकूर तुम्ही ज्या भाषांना आधार देता त्यांत भाषांतरित हवा. कॅप्सूल सगळ्या वयांना दिसते, म्हणून आकडा रुतलेला दाखवताना रक्ताचं कारंजं नको. ठिणग्या किंवा धूळ वापरा, परिणाम तोच होतो.

लायब्ररी हीरो (लायब्ररीत गेमच्या पानावर वर दिसणारी रुंद पट्टी) ३८४० x १२४०, त्यावर नाव किंवा कुठलाही मजकूर अजिबात नको. खिडकीच्या रुंदीप्रमाणे ते कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं सगळं मधल्या ८६० x ३८० मध्ये. लोगो वेगळा, पारदर्शक पीएनजी, १२८० रुंद किंवा ७२० उंच. इच डॉट आयओवरही टाकणार असाल तर तिथे कव्हर ६३० x ५००, एपिक स्टोअरला २५६० x १४४० आडवं आणि १२०० x १६०० उभं.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेलं काही कव्हरमध्ये असेल, अगदी मागचे ढगसुद्धा, तर चित्रकाराकडून लेखी विचारून घ्या. जानेवारी २०२४ पासून स्टीमच्या फॉर्ममध्ये ते जाहीर करावं लागतं.

---

खटकेबाज (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. रफ अ दोन सेकंदांच्या चाचणीत १२ जणांना दाखवलं. "काय करतो" याला उत्तरं: फिरतो ५, किल्ला वाचवतो ३, लढतो ३, माहीत नाही १. साखळी कुणालाच दिसली नाही. नाव एकालाही पूर्ण सांगता आलं नाही. त्यामुळे अ बाद.

ब तिरक्या साखळीसह नव्यानं करून घ्यायचं ठरलं आहे. दोन शंका उरतात. क मधला चेहरा खूप जोरकस आहे, तो कुठेच वापरता येणार नाही का? आणि नवं चित्र लागल्यावर ते खरंच चाललं की नाही हे स्टीमच्या आकड्यांवरून कसं कळणार?

---

रेघांचा_कारखाना

क टाकून देऊ नका. उभ्या कॅप्सूलमध्ये तिरकी साखळी मावत नाही. ७४८ x ८९६ चं प्रमाण साधारण ०.८३, छोट्या कॅप्सूलचं २.६५. एकच चित्र दोन्हींत कापून बसवलं की एकात पाय जातात नाहीतर दुसऱ्यात डोकं. उभ्यात चेहरा, खांदा आणि मुठीत गच्च धरलेली ताठ साखळी चौकटीबाहेर जाताना दाखवा. गळ्याभोवतीची काढा, ती कैद्याची साखळी वाटते, आणि तुमची नायिका साखळी चालवते.

सपाट लाल मात्र जपून. स्टोअरवर चित्र जेपीजी होऊन दिसतं. जेपीजीमध्ये उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुधा अर्ध्या रिझोल्यूशनला साठवली जाते. लाल आणि काळा किंवा लाल आणि गडद निळा यांच्या सीमेवर फरक मुख्यतः रंगाचाच असतो, उजेडाचा कमी, म्हणून नेमकी तीच कड फुटते, फिसकटते. मोठं करून बघाल तर अक्षरांभोवती मळकट लाल झालर दिसेल. उपाय सोपा: लाल थोडा नारिंगीकडे आणि उजळ करा, किंवा लाल आणि गडद यांच्यामध्ये दोन-तीन पिक्सेलची फिकट रेघ द्या. तुमच्या शैलीत बाह्यरेषा आहेतच, नायिकेभोवती एक उजळ कड चित्राला शोभेल.

फाइल एसआरजीबी (वेबवरचा नेहमीचा रंगसंच) प्रोफाइलमध्येच हवी. अडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ मध्ये रंगवून न बदलता पाठवली की ब्राउझरमध्ये लाल निस्तेज पडतो, मग "चित्रकारानं रंग फिके दिले" असा गैरसमज होतो.

रंगांबद्दल अजून एक. त्याच शोधपानाच्या स्क्रीनशॉटमध्ये शेजारचे वीस गेम मोजा. निळ्यावर नारिंगी किती, काळ्यावर लाल किती? त्यातला सर्वात गर्दीचा संच टाळा. सर्वात सुंदर रंग कोणता याचा इथे संबंध नाही, त्या रांगेत कोणता मोकळा आहे एवढंच बघायचं.

---

मोजमाप_आधी

दुसऱ्या शंकेबद्दल. स्टीमवर दोन कॅप्सूल एकाच वेळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करायची सोय नाही. जे मिळतं ते स्टीमवर्क्समधला (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवरचा) ट्रॅफिक अहवाल: चित्र किती वेळा दिसलं, किती जण पानावर आले, आणि त्यातून निघणारा सीटीआर (चित्र दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं), हे सगळं जागेनुसार वेगवेगळं.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात.

एक, एकूण सीटीआर बघतात. तो कव्हर न बदलताही हलतो. स्टीमनं तुमचा गेम जास्त आणि कमी संबंधित लोकांना दाखवायला सुरुवात केली की सीटीआर पडतो, आणि तरी ती चांगली बातमी असते, कारण एकूण भेटी वाढलेल्या असतात. म्हणून फक्त एकच जागा घ्या, उदाहरणार्थ शोधाचे निकाल. चित्र बदलण्याआधीचे १४ दिवस आणि नंतरचे १४ दिवस ताडून बघा. बदलाचा दिवस सोडून द्या. दोन्ही कालखंडांत सेल, नेक्स्ट फेस्ट (स्टीमचा डेमो महोत्सव), मोठ्या स्ट्रीमरचा व्हिडिओ यांपैकी काही नसावं. त्याच काळात ट्रेलर, टॅग, लघुवर्णन यांना हात लावू नका.

दोन, आकडा लहान असताना निष्कर्ष काढतात. समजा खरा सीटीआर २ टक्के आहे. चित्र १,००० वेळा दिसलं तर सरासरी २० क्लिक, पण निव्वळ योगायोगानं ते ११ पासून २९ पर्यंत कुठेही येऊ शकतात. मागच्या आठवड्यात १५, या आठवड्यात २५, यावर नाचायचं कारण नाही. ५०,००० वेळा दिसल्यावर सरासरी १,००० आणि चढउतार साधारण ६० चा. तेव्हा १,०००चे १,२०० झाले तर बदल खरा.

प्रदर्शनापूर्वी गेमचं चित्र एवढ्या वेळा दिसणं अवघड. मग बाहेर मोजा: कुठल्याही जाहिरात व्यासपीठावर दोन जाहिराती, मजकूर तोच, लक्ष्यगट तोच, बजेट समान, फक्त चित्र वेगळं. दुव्याला यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी खूण) लावून द्या म्हणजे स्टीमवर्क्समध्ये भेटी आणि विशलिस्ट (गेम नंतर घेण्यासाठी यादीत टाकणं) दोन्ही वेगळे दिसतात. आणि शेवटी विशलिस्टवर निवाडा करा, क्लिकवर नाही. क्लिक जास्त पण दर शंभर भेटींमागे विशलिस्ट कमी असेल तर कव्हर काहीतरी भलतंच कबूल करतं आहे. वर शैली जुळण्याबद्दल लिहिलंय तो रोग असा आकड्यात दिसतो.

---

आधी_क्रियापद

चित्रकाराला सूचना कशा द्यायच्या हे राहिलंच. "जरा डायनॅमिक करा", "पॉप झालं पाहिजे" यातून दोन्ही फेऱ्या वाया जातील. चित्रकाराला तुमच्या मनातलं पॉप दिसत नाही. अडचण सांगा, माप सांगा, उपाय त्याच्यावर सोडा. असं काहीसं:

"१८४ x ६९ वर साखळी दिसत नाही. तिथे ती एका नजरेत ओळखू यावी."

"काळ्या-पांढऱ्यात नायिका आणि मागचा भाग यांची छटा एकच आहे. तिच्या डोक्यामागचा भाग तिच्यापेक्षा स्पष्टपणे उजळ हवा."

"दोन सेकंदांत बघणाऱ्यानं 'ती त्याला ओढते आहे' असं म्हणावं."

"नाव दोन ओळींत, छोट्या कॅप्सूलमध्ये उभे दांडे ८ पिक्सेलपेक्षा बारीक नकोत."

पहिली फेरी फक्त करड्या छटांच्या रफवर खर्च करा. हेडर, छोटी, मुख्य आणि उभी अशा चारही मापांत काळी-पांढरी ठोकळेबाज मांडणी मागा, रंग नको, चेहऱ्याचे तपशील नको. तिथे चुकलेलं दुरुस्त करायला तासभर लागतो. रंगवून झाल्यावर तीच चूक म्हणजे चित्र नव्यानं. दुसरी फेरी रंगवलेल्यावर.

फाइल मागताना सपाट जेपीजी घेऊ नका. पीएसडी (फोटोशॉपची फाइल), लेयर वेगळे: मागचं दृश्य, शत्रू, साखळी, नायिका, ठिणग्या-धूळ, लोगो. नायिकेमागचं आणि शत्रूमागचं दृश्यही पूर्ण रंगवलेलं हवं, नाहीतर दुसऱ्या प्रमाणात आकृती सरकवली की मागे भोक पडतं. ही गोष्ट करारात आधी लिहिली नसेल तर आत्ताच विचारून घ्या, कारण ते जादा काम आहे आणि त्याचे पैसे मागणं रास्त आहे. लोगो शक्यतो व्हेक्टरमध्ये (कितीही मोठा केला तरी न फुटणारा). वापराचे हक्क स्टोअर, जाहिरात आणि छापील वस्तू या तिन्हींसाठी लेखी असावेत.

---

खटकेबाज (धागाकर्ता)

करड्या छटांची रफ मागवली. मांडणी ठीक दिसते आहे, नायिका डावीकडे खाली, शत्रू उजवीकडे वर. पण १८४ वर साखळी दोरीसारखी वाटते. दोघांनी चाचणीत "दोरी" म्हटलं, एकानं "चाबूक". साखळी जाड करू की रंग बदलू?

---

रेघांचा_कारखाना

कड्या किती काढल्या आहेत ते मोजा. गेममधल्या मॉडेलवरून नक्कल केली असेल तर २०-२२ असतील.

छोट्या कॅप्सूलमध्ये साखळीची तिरकी लांबी साधारण अर्ध्या रुंदीएवढी धरा. १८४ वर ती ९० पिक्सेल. त्यात २० कड्या म्हणजे कडीला साडेचार पिक्सेल. दोन्ही बाजूंच्या बाह्यरेषा एक-एक पिक्सेलच्या, मग पोकळीला जागाच कुठे राहिली? पोकळी बुजली की साखळीची दोरी होते. रंग बदलून काही होणार नाही, आणि त्याच २० कड्या नुसत्या जाड केल्या तर दोरी जाड होईल.

कड्या सातच ठेवा. कडीला साधारण १३ पिक्सेल मिळतात, मधलं भोक ३-४ पिक्सेलचं उरतं, आणि भोकातून मागचा उजळ रंग दिसला की डोळा लगेच "साखळी" म्हणतो. एक कडी समोरून, पुढची बाजूनं, अशी आलटून पालटून: समोरच्या चार कड्यांत भोक, बाजूच्या तिघांत नुसती जाड रेघ. आकड्याजवळच्या दोन कड्या मागच्यांपेक्षा दीडपट मोठ्या चालतील, जोर तिकडे आहे. सातव्या कडीनंतर आकडा, आणि त्याचा बाक पूर्ण बाजूनं दिसेल असा, शत्रूच्या अंगात फक्त टोक. बाक अर्धा आत गेला की भाला वाटतो.

१२० वर साखळीला ६० पिक्सेल मिळतील, कडीला साडेआठ. तिथे भोक दोन-अडीच पिक्सेलचं होईल, म्हणून १२० च्या आवृत्तीवर विसंबू नका. त्या मापात नाव वाचलं गेलं आणि तिरकी रेघ दिसली तरी काम झालं. मुख्य कॅप्सूलमध्ये कड्या ९-१० केल्या तरी चालतील, तिथे जागा आहे.